कर्नल नवा, डीटीबी जुनी: पिन कंट्रोल ड्रायव्हरला दोघांशी कसं जमवून घ्यावं लागतं

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डवरची जीपीआयओ १४ ही पिन (सॉफ्टवेअरने इनपुट किंवा आउटपुट करता येणारी) घ्या. ती साधी आउटपुट पिन म्हणून एलईडी पेटवते, पीएल०११ यूआर्टची (सीरियल संवादाच्या सर्किटची) पाठवणारी लाइन होते किंवा मिनी यूआर्टचीही होते. चिपच्या आत पिनच्या मागे एक मल्टिप्लेक्सर, म्हणजे मार्ग निवडणारा स्विच, असतो आणि रजिस्टर या चिपमधल्या नियंत्रणाच्या कप्प्यातले तीन बिट बदलले की पिनचं काम बदलतं. त्याशिवाय आतला रोधक पिनला वर ओढणार (पुल-अप), खाली ओढणार (पुल-डाउन) की मोकळं सोडणार, हेही ठरवावं लागतं. काही चिप्समध्ये पिनने किती मिलिअँपिअर करंट द्यायचा तेही सांगावं लागतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, हे सगळं काम पिन कंट्रोल ड्रायव्हरकडे असतं. यासाठीची स्वतंत्र उपप्रणाली लिनस वालेई यांनी उभी केली आणि जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ या कर्नलपासून ती मुख्य कर्नलमध्ये आहे.

कोणत्या बोर्डवर कोणत्या पिनने काय करायचं हे मात्र ड्रायव्हरमध्ये लिहिलेलं नसतं. ते डिव्हाइस ट्रीमध्ये असतं. पूर्वी प्रत्येक एआरएम बोर्डसाठी कर्नलमध्ये सी भाषेतली वेगळी फाइल असे. तो पसारा इतका वाढला की २०११ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर एआरएमची मंडळी झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळली. बोर्डचं वर्णन मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, डीटीसी या कंपायलरने त्याची बायनरी म्हणजे डीटीबी बनवायची आणि बूटलोडरने (कर्नल सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) ती कर्नलच्या हातात द्यायची, अशी ही रचना आहे.

गुंता इथूनच सुरू होतो, कारण कर्नल आणि डीटीबी बरोबरीने बदलतातच असं नाही. कुठे डीटीबी बूटलोडरच्या शेजारी फ्लॅशमध्ये बसलेली असते आणि दूरस्थ अपडेट फक्त कर्नलचं पार्टिशन बदलतं. कुठे यू-बूट हा बूटलोडर स्वतःजवळची प्रत पुढे करतो. कुठे बोर्ड एका कंपनीचा, कर्नल डिस्ट्रिब्युशनचा आणि डीटीबी तिसऱ्याच कोणाची असते. घर बांधताना काढलेला वायरिंगचा नकाशा दहा वर्षांनी नव्या वायरमनच्या हाती पडावा, तशी नव्या ड्रायव्हरची स्थिती असते. नकाशा जुन्या खुणांचा असला तरी दिवे लागलेच पाहिजेत.

नियम काय आहे

२०१३ मध्ये एडिनबरो इथे झालेल्या एआरएम कर्नल विकासकांच्या बैठकीत यावर सहमती झाली आणि ती कर्नलच्या दस्तऐवजात लिहून ठेवली आहे. थोडक्यात ती अशी: नवा कर्नल जुन्या डिव्हाइस ट्रीवर मोडता कामा नये. वर्णनाची भाषा, म्हणजे बाइंडिंग, वाढवता येते. नवी प्रॉपर्टी (वर्णनातली नाव आणि किंमत अशी नोंद) आणायला हरकत नाही, पण असलेल्या प्रॉपर्टीचा अर्थ बदलायचा नाही. आणि नवी प्रॉपर्टी डीटीबीत सापडली नाही, तर ड्रायव्हरने पूर्वीसारखंच वागायचं.

या नियमाची दिशा एकच आहे. नवा कर्नल आणि जुनी डीटीबी चालायलाच हवी. नवी डीटीबी आणि जुना कर्नल चालेल असं वचन कोणीही दिलेलं नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात. कर्नल मागच्या आवृत्तीवर नेताना डीटीबी नवीच राहिली की काय होतं, ते पुढे बीगलबोनच्या उदाहरणात येईलच.

तोच आकडा, उलटा अर्थ

सुरुवातीच्या पिन कंट्रोल ड्रायव्हरांनी आपापल्या खासगी प्रॉपर्टी ठरवल्या. ब्रॉडकॉमच्या बीसीएम२८३५ साठी, म्हणजे पहिल्या रास्पबेरी पायच्या चिपसाठी, तीन होत्या: ‘बीआरसीएम,पिन्स’, ‘बीआरसीएम,फंक्शन’ आणि ‘बीआरसीएम,पुल’. फंक्शनचा आकडा थेट रजिस्टरमधला असतो. ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट, ४ म्हणजे ऑल्ट-० (पिनच्या पर्यायी कामांपैकी एक), पण २ म्हणजे ऑल्ट-५. जीपीआयओ १४ वर पीएल०११ यूआर्ट हवा तर ४ आणि मिनी यूआर्ट हवा तर २. पुलमध्ये ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे खाली आणि २ म्हणजे वर.

ऑलविनरच्या चिप्ससाठीच्या ‘ऑलविनर,पुल’ या प्रॉपर्टीत मात्र १ म्हणजे वर आणि २ म्हणजे खाली. दोन्ही ठिकाणी आकडा १ आणि अर्थ नेमका उलटा. म्हणूनच पुढे सामायिक बाइंडिंग आलं. त्यात ‘बायस-पुल-अप’, ‘बायस-पुल-डाउन’, ‘बायस-डिसेबल’ असं शब्दांत लिहायचं आणि करंट ‘ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ’मध्ये मिलिअँपिअरमध्ये द्यायचा.

नवी भाषा आली म्हणून जुन्या डीटीबी नाहीशा झाल्या नाहीत. ऑलविनरचा ड्रायव्हर आधी ‘ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ’ शोधतो. ती मिळाली तर १० पेक्षा कमी आकडा नाकारतो, ४० पेक्षा मोठा असेल तर ४० धरतो आणि मधला आकडा दहाच्या पटीत खाली आणतो. ती नसेल तर जुनी ‘ऑलविनर,ड्राइव्ह’ वाचतो, त्यात एक मिळवतो आणि दहाने गुणतो. म्हणजे जुन्या डीटीबीतला ० म्हणजे १० मिलिअँपिअर आणि ३ म्हणजे ४०. हीच पद्धत सगळ्यात सरळ: नवं आधी बघायचं, नसेल तर जुनं वाचायचं आणि दोन्हींचं आत एकाच एककात रूपांतर करायचं.

बीसीएम२८३५ चा ड्रायव्हरही नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतल्या एका घटकाच्या नोंदीत) आधी सामायिक बाइंडिंग शोधतो आणि काहीच हाती लागलं नाही तरच ‘बीआरसीएम,पिन्स’कडे वळतो. यात एक सापळा आहे. एकाच नोडमध्ये कोणी नवी ‘पिन्स’ आणि ‘फंक्शन’ लिहून सवयीने जुनी ‘बीआरसीएम,पुल’ही ठेवली, तर ड्रायव्हरला सामायिक बाइंडिंग सापडतं, तो तिथेच थांबतो आणि पुल वाचलाच जात नाही. लॉगमध्ये एक ओळही येत नाही. पिन बरोबर कामाला लागते, पण हवा तो पुल लागत नाही, आणि बटण दाबलेलं नसतानाही दाबल्याचं दिसू शकतं. एका नोडमध्ये दोन्ही भाषा कधीच मिसळू नका.

पाय ४ मधल्या बीसीएम२७११ ने आणखी एक पेच आणला. बीसीएम२८३५ मध्ये पुल बदलायचा तर एका रजिस्टरमध्ये हवी ती दिशा लिहायची, १५० सायकल थांबायचं, मग हव्या त्या पिनला क्लॉक देऊन पुन्हा थांबायचं, अशी कवायत होती, आणि लावलेला पुल परत वाचता येत नसे. बीसीएम२७११ मध्ये प्रत्येक पिनला सरळ दोन बिट मिळाले आणि ते वाचताही येतात. पण सांकेतिक अंक पालटले. नव्या चिपच्या रजिस्टरमध्ये १ म्हणजे वर आणि २ म्हणजे खाली.

इथे दोन पर्याय होते. नव्या चिपसाठी ‘बीआरसीएम,पुल’चा अर्थ बदलायचा, किंवा डिव्हाइस ट्रीतला अर्थ जुनाच ठेवून ड्रायव्हरने भाषांतर करायचं. पहिला पर्याय निवडला असता तर पाय ३ साठी लिहिलेली, पुल-अप मागणारी ओव्हरले (मूळ डीटीबीवर चढवायची छोटी पुरवणी) पाय ४ वर पुल-डाउन लावून बसली असती. दुसरं टोक जमिनीला जोडलेलं बटण मग कायमचं दाबलेलंच दिसलं असतं. ड्रायव्हरने दुसरा मार्ग घेतला. डीटीबीत २ आला की तो ‘वर’ असा अर्थ घेतो आणि बीसीएम२७११ च्या रजिस्टरमध्ये १ लिहितो. अवघ्या चार-पाच ओळींचं काम आहे. डिव्हाइस ट्रीतला आकडा हा रजिस्टरमधला आकडा नसून बोर्डच्या लेखकाशी केलेला करार आहे, हे मान्य केलं की अशा ओळी लिहायला जड जात नाही.

‘जीपीआयओ-रेंजेस’चं प्रकरण

यातलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण एका न लिहिलेल्या प्रॉपर्टीचं आहे. बीसीएम२८३५ चा ड्रायव्हर एकाच वेळी पिन कंट्रोलर आणि जीपीआयओ कंट्रोलर अशा दोन्ही भूमिका करतो. ‘जीपीआयओ नंबर अमुक म्हणजे पिन नंबर तमुक’ ही जोडणी डिव्हाइस ट्रीत ‘जीपीआयओ-रेंजेस’ या प्रॉपर्टीने सांगतात: कोणता पिन कंट्रोलर, कुठल्या जीपीआयओपासून, कुठल्या पिनपासून आणि किती. बीसीएम२८३५ ला ५४ पिन आहेत आणि बीसीएम२७११ ला ५८, म्हणून शेवटचे तीन आकडे अनुक्रमे ०, ०, ५४ आणि ०, ०, ५८ असे येतात. बरीच वर्षं रास्पबेरी पायच्या वर्णनात ही ओळ नव्हती आणि कोणाचं काही अडलं नाही.

मग २०२० मध्ये ५.७ या कर्नलात जीपीआयओच्या सामायिक भागात एक बदल झाला. ज्या कंट्रोलरला रेंज दिलेलीच नाही, त्याच्यासाठी पिन कंट्रोलला हाकच मारायची नाही. बदल वाजवी होता, कारण काही चिप्समध्ये अशी जोडणी खरोखरच नसते. पण पायवर त्याचा परिणाम असा झाला की एखाद्या प्रोग्रामने आउटपुट म्हणून घेतलेली पिन सोडली, तर ती परत इनपुट होईना. पिन परत करण्याचं काम पिन कंट्रोलच्या बाजूला होतं आणि तिकडे निरोपच जात नव्हता. प्रोग्राम बंद झाला तरी रिले ओढलेलाच राहील, असा हा दोष.

दुसरीकडे त्याच ड्रायव्हरमध्ये नोंदणीचा क्रम उलटा होता. आधी जीपीआयओ, मग पिन कंट्रोल. डिव्हाइस ट्रीत ‘जीपीआयओ-हॉग’ लिहिला असेल, म्हणजे बूट होतानाच एखादी पिन कर्नलने स्वतःच्या ताब्यात घ्यावी असं सांगितलं असेल, तर जीपीआयओची नोंदणी होत असतानाच ती पिन मागितली जाते. पिन कंट्रोल अजून नोंदलेलाच नसल्यामुळे ‘नंतर या’ असं उत्तर मिळतं, म्हणजे त्रुटी क्रमांक उणे ५१७. ड्रायव्हर पुन्हा प्रयत्न करतो तेव्हा क्रम तोच असतो, त्यामुळे उत्तरही तेच मिळतं आणि हे कधीच सुटत नाही. म्हणून क्रम बदलला आणि पिन कंट्रोल आधी नोंदवला. त्याबरोबर कर्नलमधल्या पायच्या सगळ्या वर्णनांत ‘जीपीआयओ-रेंजेस’ घातली.

कर्नलच्या झाडापुरतं हे पूर्ण उत्तर होतं. पण वर्णन बदललं ते कर्नलच्या स्रोतात, लोकांच्या एसडी कार्डांवरच्या डीटीबी होत्या तिथेच होत्या. म्हणून २०२२ मध्ये तिसरं पाऊल टाकावं लागलं. जीपीआयओच्या सामायिक भागात एक हुक, म्हणजे ड्रायव्हरला आपला कोड जोडता येईल अशी जागा, आली. डीटीबीत ‘जीपीआयओ-रेंजेस’ नसेल तर ड्रायव्हरने स्वतःच रेंज भरून द्यायची. बीसीएम२८३५ च्या ड्रायव्हरमधला हा भाग इतका छोटा आहे की वाचून समाधान वाटतं: पिन कंट्रोलर शोधायचा आणि जीपीआयओ ० म्हणजे पिन ० इथपासून सरळ जोडणी सगळ्या पिनांसाठी नोंदवायची. ड्रायव्हरला चिप माहीत आहे, पिन आणि जीपीआयओचे नंबर तिथे एकच आहेत हेही माहीत आहे. डीटीबीने सांगितलं नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

पिन परत इनपुट होते की नाही हे तपासताना एक खबरदारी घ्या. पुढच्या कर्नलांमध्ये या ड्रायव्हरला ‘पर्सिस्ट-जीपीआयओ-आउटपुट्स’ नावाचं पॅरामीटर मिळालं. ते १ असेल तर सोडलेली आउटपुट पिन मुद्दाम तशीच ठेवली जाते. लिब-जीपीआयओडी ही पिन हाताळण्याची लायब्ररी वापरणाऱ्या बऱ्याच लोकांना तेच हवं होतं. त्यामुळे पिन आउटपुटच राहिली म्हणून लगेच डीटीबीला दोष देऊ नका, आधी या पॅरामीटरची किंमत बघा.

बीगलबोन: नवी डीटीबी, जुना कर्नल

बीगलबोन या बोर्डवरच्या एएम३३५एक्स या टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) चिपला ‘पिनकंट्रोल-सिंगल’ हा ड्रायव्हर लागतो. याची रीत साधी आहे. एका पिनला एक रजिस्टर, आणि डीटीबीत रजिस्टरचा ऑफसेट व त्यात लिहायची किंमत. खालचे तीन बिट म्हणजे मोड. बिट ३ लावला की पुल बंद. बिट ४ म्हणजे पुल वरच्या दिशेने. बिट ५ म्हणजे इनपुट चालू. आयटूसी-२ च्या (सेन्सरसारखे भाग जोडायच्या बसच्या) लाइनला इनपुट, पुल-अप आणि मोड ३ लागतो, म्हणजे किंमत हेक्स (सोळा-आधारी) ३३.

२०१६ मध्ये ‘पिनकंट्रोल-सेल्स’ ही प्रॉपर्टी आली. प्रत्येक नोंदीत ऑफसेटनंतर किती आकडे येतात ते ती सांगते. जुन्या डीटीबीत ती नाही हे ओळखून ड्रायव्हर चालू असतानाच आपल्या स्मृतीतल्या ट्रीत ती प्रॉपर्टी घालतो आणि लॉगमध्ये ‘कृपया वर्णन सुधारा’ अशा अर्थाची ओळ टाकतो. बोर्ड चालू राहतो आणि मालकाला निरोपही मिळतो. सुसंगततेचा कोड असाच बोलका असावा.

२०२० मध्ये एएम३३५एक्सच्या वर्णनात या सेल्सची संख्या १ वरून २ झाली: कॉन्फिग वेगळा, मोड वेगळा. हेक्स ३३ च्या जागी आता ३० आणि ३ असे दोन आकडे. नवा ड्रायव्हर दोन्ही प्रकार समजतो. दोन असतील तर त्यांचा ऑर करून, म्हणजे दोन्हींतले बिट एकत्र करून, रजिस्टरमध्ये लिहितो. जुना मॅक्रो (नोंद लिहायचं ठरलेलं लघुरूप) वापरणाऱ्या वर्णनांसाठी त्या मॅक्रोतच शेवटी एक शून्य जोडलं. शून्याशी ऑर केल्याने किंमत बदलत नाही.

आता उलट दिशा बघा. नवी डीटीबी ठेवून जुना कर्नल चालवला तर जुना ड्रायव्हर आकडे किमान दोन आहेत ना एवढंच तपासायचा, जास्त आहेत का ते नाही. तो ऑफसेट घेतो, पुढचा आकडा किंमत म्हणून लिहितो आणि तिसरा सोडून देतो. परिणामी प्रत्येक पिन मोड ० मध्ये जाते. फसवी गोष्ट ही की बीगलबोन ब्लॅकवर कन्सोलचा यूआर्ट-०, एसडी कार्ड आणि इथरनेट हे तिन्ही मोड ० मध्येच चालतात. बोर्ड नीट बूट होतो, लॉगिन मिळतं, नेटवर्कही येतं. मात्र ईएमएमसी (बोर्डवरची साठवणुकीची चिप) दिसत नाही, कारण तिच्या डेटा लाइनना मोड १ आणि क्लॉक-कमांडला मोड २ लागतो. आयटूसी-२ वरचे सेन्सरही उत्तर देत नाहीत. अशा वेळी लोक ईएमएमसी जळाली म्हणून बोर्ड बाजूला ठेवतात.

तपासायचं कसं

आधी सध्या कर्नलला मिळालेली खरी डीटीबी उचला. सिसएफएस या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइल-प्रणालीच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये ‘एफडीटी’ नावाची फाइल असते, तीच ती. बूट पार्टिशनवरच्या फाइलवर विश्वास ठेवू नका, कारण बूटलोडर वाटेत ओव्हरले चढवतो. ही फाइल डीटीसीने उलट मजकुरात आणता येते.

मग जुन्या कर्नलवर डीबगएफएस या दोष शोधण्यासाठीच्या फाइल-प्रणालीतलं पिनकंट्रोलचं फोल्डर उघडा आणि कंट्रोलरच्या ‘पिनमक्स-पिन्स’, ‘पिनकॉन्फ-पिन्स’ व ‘जीपीआयओ-रेंजेस’ या फाइली, तसंच वरच्या पातळीवरची ‘पिनकंट्रोल-मॅप्स’ जपून ठेवा. नवा कर्नल त्याच जुन्या डीटीबीवर बूट करा, त्याच फाइली पुन्हा घ्या आणि डिफ लावा. फरक निघालेल्या प्रत्येक ओळीचं कारण सांगता आलं पाहिजे. डीबगएफएसमधलीच ‘डिव्हाइसेस-डिफर्ड’ ही फाइल रिकामी आहे ना तेही बघा. कोण कोणासाठी ताटकळलंय ते तिथे दिसतं. लॉगमध्ये उणे २२ दिसला तर ड्रायव्हरला नोड समजलेला नाही.

पुल परत वाचता न येणाऱ्या बीसीएम२८३५ वर मल्टिमीटर लागतो. पिन इनपुट असताना आणि बाहेर काहीही जोडलेलं नसताना १० किलोओहमचा रोधक पिन आणि ग्राउंडमध्ये लावा. आतला पुल-अप सुमारे ५० किलोओहमचा असतो, त्यामुळे ३.३ व्होल्टवर पिनपाशी अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. शून्य दिसलं तर पुल-अप नाही. जीपीआयओ २ आणि ३ वर ही चाचणी करू नका. तिथे बोर्डवरच १.८ किलोओहमचे रोधक आहेत, आतला पुल त्यांच्यापुढे कळणारच नाही.

नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी

पिनांची, गटांची आणि फंक्शनची नावं पहिल्या दिवशी नीट ठरवा. सामायिक बाइंडिंगमध्ये ही नावं डीटीबीत अक्षरशः लिहिली जातात, त्यामुळे ड्रायव्हरच्या तक्त्यातली स्पेलिंगची चूक नंतर ‘दुरुस्त’ केली तर जुन्या डीटीबीला ते नाव सापडत नाही. चूक सुधारायचीच असेल तर दोन्ही नावं तक्त्यात ठेवा. डिव्हाइस ट्रीतल्या लेबलांचंही तेच, जुन्या ओव्हरले त्यांच्याच आधाराने जोडल्या जातात.

नवी सोय ऐच्छिक ठेवा. ऑलविनरच्या ड्रायव्हरला इनपुटच्या डिबाउन्ससाठी (बटणाची थरथर गाळण्यासाठी) दोन ऑसिलेटरांची माहिती हवी होती आणि डीटीबीत क्लॉक एकावरून तीन झाले. ड्रायव्हर तीन आहेत का ते मोजतो. नसतील तर डिबाउन्स न लावता पुढे जातो, प्रोब (ड्रायव्हर सुरू होतानाची तयारी) नापास करत नाही. अनोळखी प्रॉपर्टीबाबत मात्र सावध राहा. सामायिक पार्सर त्याला माहीत असलेल्याच प्रॉपर्टी शोधतो, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. जुनी खासगी प्रॉपर्टी वाचणारा कोड काढून टाकलात तर त्रुटी येणार नाही, फक्त पुल नाहीसा होईल. स्कीमाची (बाइंडिंगच्या लिखित नियमांची) तपासणी बिल्ड होताना अशा चुका पकडते, पण ती स्रोतातल्या वर्णनांवर चालते. ग्राहकाच्या फ्लॅशमधल्या डीटीबीपर्यंत ती पोचत नाही.

उत्पादन अजून बाजारात गेलं नसेल, तर कर्नल आणि डीटीबी एकाच एफआयटी इमेजमध्ये (यू-बूटच्या एकत्र पॅकेजमध्ये) बांधून एकत्र साइन करा. मागे जायची वेळ आली तरी दोन्ही जोडीने मागे जातील आणि बीगलबोनसारखी अर्धवट बूट होण्याची वेळ येणार नाही. उत्पादन आधीच बाहेर गेलं असेल, तर पहिल्या खेपेची डीटीबी जपून ठेवा आणि प्रत्येक नवा कर्नल तिच्यावर एकदा बूट करून मगच सोडा.